सयाजीराव मोरबाळ्यांचा कोरडा शनिवार

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील ज्या बोळात सयाजीराव मोरबाळे राहतात, त्या बोळात त्यांना सयाजीराव या नावाने फारसे कोणी ओळखत नाही. 'चावीवाले तात्या कुठे राहतात?' असे विचारले, तर मात्र चार घरांतून चार हात एकाच दाराकडे वळतात. सयाजीरावांनी सारी नोकरी पाणीखात्यात काढली. तीही खुर्चीवर बसून नव्हे, तर खांद्यावर पुरुषभर उंचीची लोखंडी चावी टाकून. रस्त्यातील खड्ड्याचे झाकण उचलायचे, चावी आतल्या व्हॉल्व्हवर बसवायची, अंगाचा भार देऊन ती फिरवायची आणि जमिनीखालून पाणी सरकल्याचा घोगरा आवाज कानी येईपर्यंत तिथेच उभे राहायचे, हे त्यांचे काम. एका गल्लीची चावी बंद केल्याखेरीज वरच्या गल्लीला पाणी चढत नसे, आणि वरच्या गल्लीला चढले की खालची गल्ली त्यांच्या नावाने बोटे मोडी. सयाजीरावांनी दोन्ही गल्ल्यांचे ऐकून घेतले; वेळ मात्र कधी चुकवली नाही. पाणी येणार नसले, की आदल्या दिवशी बोळाच्या तोंडाशी उभे राहून ते खड्या आवाजात सांगत, "उद्या पाणी न्हाय होऽ! भरून ठेवा!"

या शेवटच्या दोन शब्दांनी बोळाला वळण लावले. महापुराच्या वर्षी नदीकाठचे पंप पाण्याखाली गेले आणि चोहीकडे पाणी असूनही नळ कोरडे पडले, तेव्हा ज्यांनी तात्यांचे ऐकले होते ते निभावले आणि ज्यांनी ऐकले नव्हते ते कळशा घेऊन टँकरमागे धावले. तेव्हापासून बोळात भांडी वाढली. निळी बॅरले आली, सिमेंटच्या टाक्या आल्या, न्हाणीघरात जागा उरली नाही तेव्हा हंडे जिन्याखाली गेले. पाणी भरलेले असणे ही घराची अब्रू झाली.

निवृत्तीनंतर तेच सयाजीराव त्याच जागी उभे राहून "ओतून टाका" असे सांगू लागले, तेव्हा बोळ हसला. सयाजीरावांना हसू येण्याचे कारण नव्हते. त्यांची एकुलती एक लेक वर्षाराणी पहिल्या बाळंतपणासाठी गारगोटीहून माहेरी आली होती. तिला सातवा महिना लागला होता, आणि पलीकडच्या गल्लीत डेंग्यूचे रुग्ण निघू लागले होते.

पहिल्या तपासणीला सयाजीराव लेकीबरोबर गेले आणि डॉक्टर इरावतीबाईंनी नेहमीच्या सूचना संपवल्यावरही खुर्चीवरून उठले नाहीत.

"बाई, आमच्यात डेंगीचा जोर हाय. गटारं तर मी स्वतः उभा राहून काढून घेतली. अजून काय करू?"

"गटारं काढलीत ते चांगलंच झालं, काका. पण हा डास गटारातला नाही, घरातला आहे. त्याला स्वच्छ, साठलेलं पाणी लागतं. बॅरल, बादली, कुंडीखालची ताटली, फ्रिजच्या मागचा ट्रे. चावतो तोही दिवसा. सकाळी आणि ऊन कलताना जास्त."

"स्वच्छ पाण्यात?"

"स्वच्छच. आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करायची, कड घासायची आणि वाळवायची. अंडी कडेला चिकटलेली असतात. नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. वाळली तरी महिनोन् महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात."

सयाजीरावांनी लेकीकडे पाहिले आणि आवाज खाली आणून विचारले, "पोटुशीला झाला तर?"

"आईलाही धोका, बाळालाही. रक्तस्राव होऊ शकतो, दिवस भरण्याआधी बाळंतपण होऊ शकतं. घाबरू नका. पण होऊ देऊ नका."

'होऊ देऊ नका' हे शब्द सयाजीरावांनी वरिष्ठांचा हुकूम घ्यावा तसे घेतले. घरी येताच त्यांनी पत्नीला, विठाबाईंना, फर्मावले, "दर शनवारी सगळं पाणी वतायचं. एक भांडं शिल्लक ठेवायचं न्हाय."

विठाबाई भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, "व्हय." घरचा प्रश्न असा एका शब्दात मिटला आणि सयाजीराव बोळाकडे वळले.

बोळाच्या तोंडाशी तालमीचा कट्टा आहे. तेथे मंडळाचा कार्यकर्ता अमरसिंह चारचौघांना घेऊन गणपतीच्या वर्गणीचा खल करीत बसला होता. सयाजीरावांनी शनिवार हा कोरडा दिवस पाळण्याचे जाहीर केले.

"कोरडा दिवस म्हंजे काय तात्या, दुकानं बंद?" अमरसिंहाने गंभीर चेहऱ्याने विचारले.

"आरं, पाण्याचं बोलतोय मी."

"तसं हाय व्हय! मी म्हटलं, आमची मंडळी शुक्रवारीच साठा करून ठेवत्यात की."

"साठा करू नका हेच सांगतोय, गाढवा!"

कट्टा खदखदून हसला. अमरसिंह मनाने वाईट नव्हता. त्याने लगेच फोन काढला. "तात्या, उगंच भांडी कशाला पालथी घालतासा? धुराची गाडी बोलावतो. एका दणक्यात विषय संपतोय बघा."

गाडी आली. पांढऱ्या धुराने बोळ भरून गेला, पोरे आरडाओरडा करीत गाडीमागे धावली, बायकांनी अन्न झाकले, खोकला झाला, समाधान झाले. अमरसिंहाने गाडीपुढे उभे राहून फोटोही काढून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी सयाजीरावांनी तालमीमागच्या बॅरलचे झाकण उचलून आत बॅटरी मारली. अळ्या जशा होत्या तशा होत्या. प्रकाश पडताच वेटोळे घेत तळाकडे गेल्या आणि पुन्हा श्वासासाठी वर आल्या. धूर उडता डास मारतो, पाण्यातील अळीला त्याचा पत्ताही नसतो, हे सयाजीरावांनी अमरसिंहाला बॅरलपाशी नेऊन दाखवले. तो म्हणाला, "मग पुढच्या आठवड्यात परत मारू की धूर!"

यानंतर सयाजीराव घरोघर फिरू लागले. भर दुपारी हातात बॅटरी घेतलेला हा उंच, वाकलेला गृहस्थ दारात दिसला, की बायका एकमेकींना खुणावत. कोणी म्हणे, तात्यांना घरात करमत नाही. कोणी म्हणे, पाण्यात असे डोकावून बघू नये, पाण्याला नजर लागते. समोरच्या प्रमोदिनीबाईंकडचा प्रसंग तर बोळभर झाला. प्रमोदिनीबाईंच्या घरी फरशीवर जेवावे अशी स्वच्छता. त्यांच्या गॅलरीत मनीप्लांटच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या, आणि पाखरांसाठी मातीच्या परळात पाणी.

"माझ्या घरात डास?" त्या म्हणाल्या. "अहो, माझं पाणी आरशासारखं असतं."

"त्याला आरशासारखंच लागतंय, वहिनी. घाण असतं तर तो आलाच नसता."

"म्हणजे घाण ठेवू म्हणता?"

"तसं न्हवं..."

"नाही, कळलं मला. तीस वर्षं या बोळात राहते, माझ्या घरात येऊन कोणी असं बोललं नव्हतं."

संध्याकाळपर्यंत 'तात्यांनी प्रमोदिनीबाईंचे घर घाण म्हटले' अशी वार्ता पसरली. सयाजीरावांनी ते घर स्वच्छ म्हटले होते, हे ऐकून घ्यायला कोणाला सवड नव्हती. माणूस खोटे बोलून जितका फसत नाही, तितका खरे अर्धेच ऐकले गेल्याने फसतो, याचा अनुभव त्यांना उतारवयात असा आला.

परंतु खरा अडथळा हसण्याचा नव्हता, रागाचाही नव्हता. कोपऱ्यावरच्या घरातील म्हाताऱ्या आजीबाईंनी तो एका वाक्यात सांगितला. "तात्या, वतलं आन् उद्या पाणी आलं न्हाय तर? तुमी आता चावीवर न्हाईसा."

चावीवर आता दुसरा माणूस होता. तो ओरडत नसे. निरोप मोबाइलवर येई, आणि ज्यांच्याजवळ मोबाइल नव्हता त्यांच्यापर्यंत पोचत नसे. सयाजीरावांनी वाद घातला नाही. पाणी गटारात ओतू नका, त्यात कपडे धुवा, फरशी पुसा, झाडांना घाला, संडासला वापरा, पण शनिवारी भांड्याचा तळ दिसू द्या, असे ते सांगत राहिले. ज्यांच्याने उचलवत नव्हते त्यांची बॅरले त्यांनी स्वतः आडवी केली. ज्या माणसाने थेंब थेंब राखून दोन गल्ल्यांत वाटला, त्याला आता पाणी वाहून जाताना पाहावे लागे. तशात वरच्या खिडकीतून आवाज येई, "खात्यात असताना पाणी देत नव्हते, आता हाय ते बी सांडत्यात!"

सयाजीराव मान वर करीत नसत. दोन-तीन शनिवारांत बोळातील निम्मी घरे कुरकुरत का होईना भांडी ओतू लागली होती. तेवढ्यावरच त्यांना किंचित हायसे वाटू लागले होते, आणि तेवढ्यातच वर्षाराणीला ताप आला.

सकाळी ती उठली ती डोके धरूनच. डोळ्यांच्या मागे ठणकते म्हणाली. दुपारपर्यंत अंग तव्यासारखे तापले आणि कंबर, सांधे मोडून पडल्यासारखे दुखू लागले. विठाबाईंनी वाऱ्याचा ताप ठरवून काढा उकळला. शेजारून गुडघेदुखीची उरलेली गोळी आली. वर्षाराणीने ती तोंडात टाकण्यापूर्वी सयाजीरावांनी तिचा हात धरला.

"कसली गोळी हाय ही?"

"दुखायची हाय, आप्पा. लगेच उतार पडतोय म्हणत्यात."

"टाक ती. डेंगी असला तर असल्या गोळीनं रक्त वाहायला लागतंय. डॉक्टरांनी सांगितल्याबिगर काही घ्यायचं न्हाय." आणि मग घरभर ऐकू जाईल अशा आवाजात, "ह्या बोळात औषध द्यायला सगळी डॉक्टर हाईत, भांडं घासायला एक न्हाय!"

त्याच दुपारी इरावतीबाईंनी रक्त तपासायला पाठवले. अहवाल आला. डेंग्यूच होता. गर्भार म्हणून तिला घरी न ठेवता लगेच दाखल करून घेतले. तापासाठी पॅरासिटामॉल, तोंडाने भरपूर पाणी, रोज रक्ताची तपासणी, आणि लक्ष.

लेकीचे कपडे आणायला सयाजीराव घरी आले, तेव्हा त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न घुमत होता: कोणाच्या बॅरलने घात केला? तालमीच्या? कोपऱ्यावरच्या? की प्रमोदिनीबाईंच्या परळाने? मनातल्या मनात त्यांनी सारा बोळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केला होता. दवाखान्यात पाणी न्यायला कळशी घ्यावी म्हणून ते न्हाणीघरात शिरले. शनिवारी सकाळी त्यांनी स्वतः भिंतीकडेने पालथी घातलेली भांडी सरळ उभी होती. घागर, हंडा, दोन कळशा. प्रत्येक भांड्याच्या तळाशी तांब्याभर पाणी होते. आपल्या घरात प्रथमच त्यांनी बॅटरी लावली.

घागरीत वळवळ होती. हंड्यात वळवळ होती. एका कळशीच्या कडेवर डास बसला होता. काळा, पायांवर पांढरे पट्टे असलेला. कळशी हलताच तो अगदी सावकाश उडाला.

दवाखान्याच्या जिन्यापाशी विठाबाई बसल्या होत्या. सयाजीरावांनी कपड्यांची पिशवी त्यांच्यापुढे ठेवली.

"मी पालथी घातलेली भांडी सुलटी कुणी केली?"

"मी."

"आन् त्यात पाणी?"

"तांब्या-तांब्या ठेवतोय की मी. नेहमीच ठेवतोय. घरात पोटुशी पोर, आन् रिकाम्या घागरी पालथ्या घालून बसू? अभद्र न्हाय का त्ये? भांडं कोरडं ठेवू नये, पाण्यानं पाणी येतंय. तुमच्याच आईनं शिकवलंय मला."

"सांगितलं हुतं मी, सगळं वतायचं म्हणून!"

"मग? वतलंच की! वतून परत तांब्या घातला. शास्त्राला."

"शास्त्राला!" सयाजीराव ओरडले. जिन्यावरून उतरणारी माणसे थबकून पाहू लागली.

विठाबाईंचा आवाजही आता चढला. "माझ्यावर वरडू नगा. का वतायचं ते मला सांगितलासा का? बोळभर घसा फोडलासा. त्या परमोदिनीबाईस्नी बॅटरी लावून दावलासा, त्या अमरसिंहाला बॅरलपशी घेऊन गेलासा. मला कवा दावलासा? मला निस्ता हुकूम. वता! मी वतलं."

सयाजीराव पायरीवर बसले. बोळाला समजावण्यासाठी त्यांनी जेवढे शब्द खर्च केले होते, त्यांपैकी एकही आपल्या स्वयंपाकघरापर्यंत गेला नव्हता. घरात सांगितले म्हणजे झाले, असे त्यांनी धरून चालले होते. रागावण्यासाठी आता समोर कोणी उरले नव्हते, आणि राग तर जात नव्हता.

चार दिवसांनी ताप उतरला. विठाबाईंनी लेकीच्या कपाळाला हात लावला आणि देवाचे नाव घेतले. शेजारणी भेटायला आल्या. कोणी पपईच्या पानांचा रस आणला, कोणी किवी फळे. "उतरला की ताप! आता घरी न्या, गरम पाण्यानं न्हाऊ घाला, पोरगी खडखडीत हुईल," असा सर्वांचा एकमुखी निर्णय झाला. विठाबाई पिशवी भरू लागल्या.

"ठेव ती पिशवी खाली," सयाजीराव म्हणाले.

"ताप न्हाय आता तिला!"

"ताप उतरतोय तवाच खरं बघायचं असतंय. डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलंय. पोटात दुखतंय का, उलट्या हुत्यात का, हिरड्यांतनं रक्त येतंय का, पोरगी मलूल पडती का. ह्यातलं काही दिसलं तर एक मिनिट थांबायचं न्हाय."

"तुमी आता डॉक्टर झालासा!" एक शेजारीण म्हणाली.

भिंतीकडे तोंड करून निजलेली वर्षाराणी बारीक आवाजात म्हणाली, "आप्पा, सकाळधरनं पोटात लई दुखतंय. मघाशी दोन उलट्या बी झाल्या. आई घरी न्यायची म्हणून बोललो न्हाय."

सयाजीराव धावत बाहेर गेले. इरावतीबाई आल्या, त्यांनी रक्तदाब पाहिला, पोट तपासले, आणि खोली क्षणात रिकामी झाली. सलाइन चढले. प्लेटलेट उतरल्या होत्या. पण त्याहून चिंतेची गोष्ट म्हणजे रक्तवाहिन्यांतील पाणी बाहेर झिरपू लागले होते. बाहेरच्या बाकावर विठाबाई भरलेली पिशवी छातीशी धरून बसल्या. सयाजीराव त्यांच्या शेजारी बसले नाहीत. समोरच्या भिंतीला टेकून उभे राहिले. बऱ्याच वेळाने परिचारिकेने बाळाच्या ठोक्यांचे यंत्र लावले तेव्हा दार अर्धवट उघडे राहिले होते. त्या धावत्या, एकसारख्या ठोक्यांनी विठाबाईंना रडू फुटले. सयाजीरावांनी खिशातून रुमाल काढला, झटकला, घडी घातली आणि पुन्हा खिशात ठेवला.

पोर वाचली. बाळही वाचले. घरी सोडताना इरावतीबाईंनी बजावले, "एकदा होऊन गेला म्हणजे सुटका झाली असं समजू नका. या विषाणूचे चार प्रकार आहेत. दुसऱ्या प्रकारचा पुन्हा झाला, तर यापेक्षा वाईट होऊ शकतं. बाळंतपणापर्यंत हिला एकही डास चावता कामा नये. दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा, अंगभर कपडे घाला."

हे ऐकायला गारगोटीहून जावई विश्वजित आणि विहीणबाई आल्या होत्या. विहीणबाईंनी आवाज चढवला नाही. ती वेळच त्यांनी येऊ दिली नाही. "आमी पोरीला घेऊन जातो," एवढेच त्या म्हणाल्या.

"पहिलं बाळंतपण माहेरी असतंय," विठाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी नवऱ्याकडे पाहिले. आयुष्यात प्रथमच त्यांना वाटले असेल की या माणसाने आता ओरडावे. सयाजीराव म्हणाले, "न्या."

वर्षाराणी गेली. तिच्यासाठी उन्हात घातलेली दुपटी विठाबाईंनी पेटीत ठेवली आणि दोन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी शनिवार होता. सयाजीरावांनी प्रमोदिनीबाईंच्या बाटलीतील पाणी काचेच्या ग्लासात घेतले, ते विठाबाईंपुढे आणून ठेवले आणि बॅटरी त्यांच्या हातात दिली.

"बघ."

"ह्ये किडं? ह्ये तर मी रोज बघतोय. फडक्यानं गाळून घेतोय की."

"ह्येच त्ये. ह्येचंच पंख फुटून डास हुतोय. आन् ह्येची अंडी कडेला असत्यात, डोळ्याला दिसत न्हाईत."

विठाबाईंनी ग्लास उजेडाकडे धरला. मग उठून काथ्या घेतला आणि घागरीची कड आतून अशी घासू लागल्या, की जणू भांड्यावर जुने वैर होते. घासून, उन्हात वाळवून घागर आत आणली तेव्हा त्या म्हणाल्या, "पण रिकामी न्हाय ठेवणार मी. पोर तिकडं हाय, पोटात बाळ हाय तिच्या."

"परत तेच!"

"ऐकून तरी घ्या. पाणी चालत न्हाय न्हवं? मूठभर तांदूळ टाकतो. भांडं कोरडं बी ऱ्हाईल आन् भरलेलं बी."

सयाजीराव त्यांच्याकडे पाहतच राहिले. मूठभर तांदूळ! एवढ्याशा गोष्टीसाठी त्यांची लेक मरणाच्या दारातून परतली होती. हसावे की कपाळ बडवावे हे त्यांना कळेना. त्यांनी दोन्ही केले नाही. डबा आणून दिला.

ही युक्ती बोळात विठाबाईंनीच नेली आणि, सयाजीरावांना सांगायलाही लाज वाटावी अशी गोष्ट, ती एका आठवड्यात पसरली. ज्यांना बॅटरीने पटले नव्हते, डॉक्टरांच्या शब्दाने पटले नव्हते, त्यांना तांदळाने पटले. प्रमोदिनीबाईंनीसुद्धा परळ घासून त्यात तांदूळ घातले. पाखरे खूश झाली. तालमीच्या छपरावर पडलेली, पावसाचे पाणी साठलेली जुनी टायरे मात्र तशीच होती, कारण अमरसिंहाच्या मते ती मंडळाची नव्हती, आणि ज्याची होती तो पुण्याला होता. सयाजीराव शिडी लावून स्वतः वर चढले, टायरे खाली उतरवली आणि पाणी साठू नये म्हणून त्यांना भोके पाडली. अमरसिंहाने खालून शिडी धरली आणि पूर्णवेळ धुराच्या गाडीचे गुण गायिले.

परंतु सयाजीरावांचे लक्ष आता बोळात नव्हते. गारगोटीला घर मोठे, मागे अंगण, अंगणात पाण्याची दोन बॅरले आणि गोठ्यातील म्हशीसाठी दगडी डोण. वर्षाराणीला आठवा संपत आला होता. शनिवारी दुपारी त्यांनी जावयाला फोन लावला.

"विश्वजितराव, वतलं का?"

"वतलं की, मामा."

"डोण बी?"

"डोण बी."

"कड घासली का आतनं?"

मग जावई अतिशय नम्रपणे म्हणाला, "घासतो की."

कोल्हापूरकडच्या माणसाला या 'की'चे मर्म सांगावे लागत नाही. 'केलं की' म्हणजे झाले आहे. 'करतो की' म्हणजे होणार नाही, आणि कृपा करून पुन्हा विचारू नका. सयाजीरावांनी फोन ठेवला, खुंटीवरची पिशवी काढली, तिच्यात काथ्या टाकला, लांब दांड्याचा ब्रश तिरका बसवला आणि चपला घातल्या.

"कुठं निघालासा?" विठाबाईंनी विचारले.

"गारगोटीला."

"विहिणीच्या घरात जाऊन भांडी घासणार? काय म्हणतील? काही लाज?"

"न्हाय," सयाजीराव म्हणाले आणि बाहेर पडले.

बस भरलेली होती. सयाजीरावांना खिडकीची जागा मिळाली. पिशवी मांडीवर घेऊन ते ताठ बसले. ब्रशाचा दांडा शेजारच्या प्रवाशाच्या कानाशी येत होता. त्या गृहस्थाने दोनदा मान तिरकी करून पाहिली आणि अखेर न राहवून विचारले, "पावणं, कुठं रंगकाम घेतलंय काय?"

"न्हाय," सयाजीराव म्हणाले. "लेकीचं बाळंतपण हाय."